नकुल-सहदेवांचे वरचे दात

ता. ३ जुलै १८६४. तिवशाजवळचे शेत.
नकुल व सहदेव या आमच्या दीड वर्षाच्या गोऱ्ह्यांचे गाल लिंबू धरल्यासारखे सुजले आहेत. हिरड्यांतून रक्त. अर्धवट चावलेला चारा तोंडातून गळतो. कुटुंबाच्या माहेरच्या गाईची ही शेवटची जोडी; कुटुंब कालपासून जेवलेले नाही. शिवाय पोळ्याला जोडी तोरणाखाली उभी राहणार, असे मी अमरावतीच्या कचेरीत जाहीर केले आहे. स्वतः तोंड उघडून पाहिले. वरचे पुढचे दात एकही शिल्लक नाहीत! रोग फार पुढे गेला आहे. कोणास सांगितले नाही. अडाणी माणसे घाबरतात.

ता. ४ जुलै.
शेजारचा अब्दुल सत्तार न बोलावता आला. म्हणाला, "भाऊसाहेब, जुनं कुरन मोडून तुमी कपाशी पेरली, अन् वासरं तोडल्या रानातल्या नव्या गवतावर सोडले. तेच हिरड्या खाऊन राहिलं. माह्या जुन्या कुरनात आना." कार्यकारणभाव शून्य. कापसाला सोन्याचा भाव असताना गवत राखणाऱ्याचे कोण ऐकेल? उपचार ठरला: बाभळीची साल, तुरटी, मीठ, कोळसा. वस्त्रगाळ मंजन, दिवसातून दोनदा.

ता. ५ जुलै. पहाटे.
मंजनाचा आरंभ. सहदेवाने लाथ मारली. पद्धत सिद्ध झाली. पुढे कुटुंबाचा हात चालेल. वासरे हलवू नयेत, अशी लेखी ताकीद ठेवून अमरावतीस निघालो. कुटुंबास वाचता येत नाही, हे वाटेत आठवले.

ता. २४ जुलै. अमरावती.
मंजनाचा तिसरा डबा रवाना. गाडीवान नत्थुजीने निरोप आणला: "सूज उतरली, वासरं मस्त चरून राहिले." अपेक्षितच. वरचे दात उगवले का, असे विचारले. तो हसला. कारण कळले नाही.

ता. १४ ऑगस्ट.
गुरांच्या दंतमंजनावर निबंध लिहितो आहे; त्याची प्रस्तावना सातव्यांदा फाडली. दात उगवल्याची तारीख मिळाल्याशिवाय लिहिणे अशक्य. झोप नाही. चौथा डबा रवाना.

पोळा. शेतावर.
जोडी तोरणाखाली उभी राहिली. तुकतुकीत. चार लोकांसमोर मंजनाचे महत्त्व सांगून नकुलाचा ओठ वर केला. हिरड्या निर्मळ. "वरचे दातही लवकरच येतील," म्हणालो. सत्तारने आपल्या म्हाताऱ्या बैलाचा ओठ उचलला. मग त्याच्या शेजारी उभ्या भगवंतरावांनी आपल्या. मग रांगेतल्या प्रत्येकाने. बघ्यांतली माणिकबाई ओरडली, "बैलाले वरचे दात कवा होते रे बापा!"
घरी कुटुंब म्हणाले, "तुमची गाडी वळली अन् मी वासरं सत्तारभाईच्या कुरनात सोडले."
मंजनाचे चार डबे कुठे गेले, ते विचारले नाही. फडताळातले पितळी हंडे पाहवत नव्हते, इतके चमकत होते.