लाल डिस्क आणि पॉलिश पेपर

मी, वय एकसष्ट, धंदा सुतारकाम, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा सांगण्यावरून नव्हे, तर आपखुशीने लिहीत आहे. फुफ्फुसं कामातून गेली आहेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांनी महिना-दीड महिना सांगितला होता, त्यातले बारा दिवस हा कागद खोडण्यात गेले.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीच्या नावे. तिने ते विकावं, भाड्याने द्यावं, तिची मर्जी. माझ्या चुलत भावांनी त्यात नाक खुपसू नये.

२. रंधे, पटाश्या, करवती मुलीला. तिचा हात माझ्यापेक्षा सफाईने चालतो. तोंडावर कधी म्हटलं नाही, ते इथे लेखी देतो. जावयाने पटाशीने रंगाचे डबे उघडू नयेत.

३. माझी लाल डिस्क. लांबून ताटलीएवढी प्लॅस्टिकची डिस्क फेकून साखळ्यांच्या टोपलीत टाकायचा खेळ मी आणि माझा धाकटा भाऊ तेवीस वर्षं जोडीने खेळलो. त्याला दर महिन्याला नवी डिस्क लागे. मी एकच लाल धरून राहिलो आणि त्याला ऐकवत राहिलो, की धरसोड करणाऱ्याच्या हाताला कशाचंच वळण लागत नाही. क्लबात सगळे त्याला माझा दाखला देत. मला ते आवडायचं.

नऊ वर्षांपूर्वी, जोडीच्या अंतिम सामन्यात, शेवटची टोपली तळ्यापलीकडे होती आणि वारा समोरून. फेकायची पाळी त्याची. त्याने हात पुढे केला.

"दादा, आज तुझी लाल दे. माझ्यातल्या एकीचाही भरवसा वाटत नाही."

"एक तरी डिस्क धरून ठेवली असतीस, तर भीक मागायची वेळ आली नसती."

हे मी चारचौघांत म्हणालो. त्याची नवी डिस्क तळ्यात गेली. पिशवी तिथेच टाकून तो चालता झाला. तेव्हापासून ना खेळला, ना माझ्याशी बोलला. आई गेली तेव्हाही दाराशी उभा राहून परत गेला.

आता खरं लिहितो. माझी जुनी लाल त्या सामन्याच्या पाच वर्षं आधीच तडकली होती. तशाच नव्या आणून, दुकानाचं शटर ओढून, त्या मी पॉलिश पेपरने घासत होतो आणि कडेला जुन्यासारखा ओरखडा काढत होतो. अशा सात झाल्या. कडेवरून अंगठा फिरवताच धाकट्याला कळलं असतं, त्यातलं त्याच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. म्हणून दिली नाही. अब्रू राहिली आणि भाऊ गेला. सातही डिस्क क्लबाच्या भिंतीवर टांगाव्यात आणि शेजारी हे कलम चिकटवावं.

४. धाकट्याला मी काहीही देत नाही. हे रागाने नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाईंनी सांगितलं. आणि मी सही करताना साक्षीदाराला समोर असावं लागतं. तीन निरोप धाडले, तिन्ही तसेच परत आले. चौथा हा कागद, मुलीच्या हाती. धाकट्या, मी हात जोडतो. शिव्या दे, पण ये. श्वास आता बोलायलाही पुरत नाही, तुझं ऐकायला पुरेल.

साक्षीदार पहिले: शेजारचे चाव्यावाले (रोज संध्याकाळी येऊन बसतात, सही बाकी)

साक्षीदार दुसरा: लिहून देणाऱ्याचा धाकटा भाऊ (सही बाकी)

लिहून देणार: दुसरा साक्षीदार समोर बसल्याशिवाय सही करणार नाही. अशाने सगळा कागदच रद्दी ठरेल, असं वकीलबाई म्हणतात. ठरू दे.

ठिकाण: दुकानामागची खोली

दिनांक: तू येशील तो