मार्चमधलं ऑपरेशन

२ मार्च १९८६, रविवार

सुकदेव आला होता. प्रमिलाचा भाऊ. धुळ्याकडे आरोग्य खात्यात आहे, सायकलवर गावोगाव हिंडतो. न कळवता आला आणि चहा व्हायच्या आत म्हणतो — "दाजी, तुम्हनं ते काम एकदाचं करी टाका. मन्ही डॉक्टरसंगे बात व्हयेल शे."

ते काम! म्हणजे बहिणीने भावाला सांगितलं. माझी अंडवृद्धी, ते अंडात पाणी साठणं, बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हती. आता काय, दवंडीच पिटवा!

त्रास वाढलाय हे खरं. पँट होत नाही. लेंगा घालून कापूस खरेदी केंद्रावर जातो तर शेतकरी मला ग्रेडर समजतच नाहीत, हमाल समजून पाणी मागतात. गाडीवर चढायचं, कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, खालचा माल वर काढून बघायचा — हे सगळं आता दात-ओठ खाऊन करतो.

पण सुकदेव म्हणतो, सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. तिथेच पाल चुकचुकली. ऑपरेशन म्हणजे आठ-दहा दिवस खाट, भेटायला नातेवाईक, मोसंब्या. आमच्या आबांचं हर्नियाचं झालं तेव्हा सगळे भाऊबंद दवाखान्यात मुक्कामाला होते. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असं पुरुषाचं ऑपरेशन मला एकच ठाऊक आहे!

५ मार्च, बुधवार

चुडामणला विचारलं. आमच्या केंद्रावरचा मापाडी, पोटात काही राहत नाही पण माहिती पक्की असते. आडून विचारलं, एका नातेवाइकाचं आहे म्हणून. त्याने माझ्या लेंग्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आप्पा, मार्च शे. ह्या महिनामा आरोग्यवाला सख्खा भाऊलेभी सोडत नहीत."

मार्च! हे माझ्या कसं लक्षात आलं नाही? एकतीस तारखेपर्यंत नसबंदीचं टारगेट पुरं करायचं असतं त्यांना. शिक्षक, तलाठी, सगळे केसेस शोधत फिरतात. आणि सुकदेवला माझं दुखणं बरोबर मार्चमध्येच आठवलं.

चुडामण पुढे म्हणाला, "पाणी काढतीन का नस कापतीन, आपले काय समजनार? मधमा पडदा लावतस ना!"

७ मार्च

लपवाछपवी कशाला, ही वही माझीच आहे. दोन मुली आहेत. धाकटी सात वर्षांची झाली, तिच्यानंतर काही नाही. मला एक मुलगा पाहिजे. मायला तर दिवसातून चार वेळा "आंडोर" पाहिजे असतो. प्रमिला एकविरेचे मंगळवार धरते. अजून वय गेलेलं नाही माझं, छत्तीस म्हणजे काय! आणि नेमकी याच वेळी कुणी नस कापली तर? मग आयुष्यभर मंगळवार धरून काय उपयोग?

प्रमिलाला म्हटलं, एप्रिलमध्ये करू. तर म्हणाली, "एप्रिलमा ऊन कितलं ऱ्हास! आतेच करी ल्या." उन्हाचा आणि पाण्याचा काय संबंध? हिला एवढी घाई का?

९ मार्च, रविवार

दुखलं. रात्रभर तळमळलो. जातो उद्या. पण डोळे उघडे ठेवून.

११ मार्च, मंगळवार

काल झालं. आज लिहायला बसवतंय.

सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला गेलो, मी आणि प्रमिला. सुकदेव स्टँडवर उभाच! दवाखान्यात सगळे त्याला ओळखतात, ही दुसरी वाईट खूण. आधी हजामत. उखर्डू म्हणून म्हातारा न्हावी होता. त्याला हळूच विचारलं, नसबंदीवाल्यांचीही अशीच करतोस का? तर म्हणतो, "हजामत बठ्ठासनी सारखीच, भाऊ." यातून काय घ्यायचं?

मग सिस्टर आली. नाव, गाव, वय विचारलं. आणि मग — "मुलं किती?"

पाणी काढायचं तर मुलं किती कशाला पाहिजेत? मी म्हटलं, "दोन मुली. मुलगा व्हायचा आहे." व्हायचा आहे, असं ठासून म्हटलं. ती "बरं" म्हणाली. त्या "बरं"चा अर्थ मी कालपासून लावतोय.

डॉक्टर तरुण आहे. गोड बोलतो. मी स्वच्छ सांगितलं, फक्त पाणी. बाकी कशाला हात लावायचा नाही. तो हसला. "अहो, दुसरं काय करणार?" हे उत्तर झालं का? कापसात पाणी मारलंय का विचारलं की गाडीवालाही असाच हसतो.

कमरेच्या वर हिरवा कपडा आडवा बांधला. चुडामण म्हणाला तसाच पडदा! सुई टोचली, खालचं अंग बधिर झालं. कान मात्र उघडे होते. पत्र्याच्या भांड्यात खळखळ ऐकली. आणि मग डॉक्टर सिस्टरला हळू आवाजात म्हणाला — "ते पण उरकून घेऊ."

ते पण!!

मी ओरडलो, "काय ते पण?" तो म्हणाला, "पडून राहा, झालंच." पुन्हा विचारलं तर सिस्टरने कपाळावर हात ठेवला, लहान पोराला झोपवतात तसा.

बाहेर आल्यावर म्हटलं, काढलेलं पाणी दाखवा. ओतून दिलं म्हणे! आमच्याकडे साध्या कापसाचा नमुना पुडीत बांधून ठेवतात. इथे माणसाचा नाही.

संध्याकाळच्या गाडीने परत. खड्ड्याखड्ड्याला जीव वर यायचा. प्रमिलाने स्वतःचं लुगडं घडी करून मांडीखाली दिलं. चेहऱ्यावर काळजी होती. पण काळजी कशाची, ते माणसाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

१२ मार्च

पट्ट्या दोन आहेत! पाणी उजवीकडे होतं. दुसरी पट्टी डाव्या मांडीला, अगदी वर, जांघेत. मला आरशाशिवाय दिसतही नाही.

१३ मार्च

माय शेकायला वाळूची पुरचुंडी घेऊन आली आणि दारातूनच, "काय कापं रे भाऊ? जास्तीनं ते काही कापं नही ना?" मी म्हटलं, नाही. आवाज माझाच मला खोटा वाटला. बिचारी देवापाशी दिवा लावून बसली.

१५ मार्च, शनिवार

सुकदेव बघायला आला. हातात काय? प्लास्टिकची बादली. नवीकोरी, निळी! म्हणतो, दाजी, डॉक्टरने वजन उचलू नका सांगितलंय, तुमची लोखंडी जड आहे, ही हलकी. चुडामणने मागेच सांगितलं होतं की कुठल्याशा शिबिरात नसबंदीवाल्याला बादली दिली. माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, ही दुकानातली की खात्यातली? तो हसला. या घरात हल्ली सगळे हसतात.

मग तो चुलीपाशी बहिणीजवळ बसला. मी डोळे मिटून पडलो होतो. त्यांना वाटलं झोपलो. सुकदेव म्हणाला, "दाजीसले सांगी टाक ना आते. कितला दिन दपाडशी?" आणि प्रमिला — "आते नको. बरं व्हऊ दे त्यासले पहिले."

म्हणजे झालं. माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी, माझ्यापासून लपवायचं चाललंय आणि मी बरा व्हायची वाट बघतायत. रडू आलं. खोटं कशाला लिहू, उशीत तोंड घालून रडलो.

१७ मार्च

टाके काढायला धुळे. डॉक्टरला दुसरी पट्टी विचारली. "मांडीवर गाठ होती, चरबीची. तुम्हीच म्हणाला होता ना घासली जाते म्हणून? भूल दिलेलीच होती, म्हटलं ते पण उरकून घेऊ." मी म्हणालो होतो का? म्हणालो असेन. पण काढा म्हटलं नव्हतं. आणि ही गोष्ट त्याने किती पटकन सांगितली! तयारच होती जिभेवर.

१८ मार्च

प्रमिलाशी बोलत नाही. तीही विचारत नाही का ते. पेज करून उशाशी ठेवते.

३१ मार्च

टारगेटचा शेवटचा दिवस. सुकदेवचा निरोप आला, त्याचं काम पुरं झालं, साहेब खूश. होणारच!

६ एप्रिल

कामावर रुजू झालोय. पँट घालून. सगळे म्हणतात, आप्पा, चालणं सुधारलं. गाडीवर सरसर चढतो. दुखत नाही, ओढत नाही, हे मान्य केलं पाहिजे. आज एका गाडीत वर पांढराशुभ्र माल आणि खाली डागाळलेला, कवडी झालेला कापूस निघाला. त्या शेतकऱ्याला एवढा बोललो की चुडामणने मला धरून बाजूला नेलं. तो माणूस कोण आणि मी कुणावर ओरडत होतो!

२० एप्रिल

महिना उलटला. डॉक्टरची बंदी संपली. प्रमिला जवळ आली तर मी कूस बदलली. आधी खरं काय ते कळू दे. ती म्हणाली, "काय व्हयनं तुम्हले?" काही नाही म्हटलं.

चुडामण म्हणतो, जळगावला एक लॅबोरेटरी आहे, तिथे पुरुषाचं तपासतात, नस कापली असेल तर लगेच कळतं. धुळ्याला नकोच, तिथे सगळे एकमेकांना सामील. घरी सांगायचं, कामानिमित्त जळगाव.

९ मे, शुक्रवार

जळगाव. लिहायला लाज वाटते पण लिहितो. एका खोलीत बाटली देऊन पाठवलं. बाहेर बाकावर यावलची एक म्हातारी बसली होती, "भाऊ, तुम्हले काय व्हयेल शे?" म्हणून विचारत होती. साखर, म्हटलं.

दोन तासांनी लॅबवाल्याने आत बोलावलं. "जंतू भरपूर आहेत." मी घाबरलो! कसले जंतू? कुठून शिरले? तो पोट धरून हसला. "अहो, हे जंतू हवेतच. याच्यावरच पोरं होतात. नस शाबूत आहे तुमची, कुणी हात लावलेला नाही."

बाहेर येऊन रस्त्यातच दोन्ही हात जोडले. कुणाला ते माहीत नाही. डॉक्टरला, सुकदेवला, सगळ्यांनाच. त्या पोराला मी बादलीवरून काय काय बोललो! पेढे घेतले. प्रमिलासाठी अबोली रंगाचं लुगडं घेतलं. दोन महिने त्या बाईशी मी धड बोललो नाही आणि तिचा दोष काही नाही! उद्या सगळं सांगून टाकीन तिला. हसेल तर हसू दे. आता होईल मुलगा.

१० मे, शनिवार

सांगितलं. सुरुवातीपासून सगळं सांगितलं. चुडामण, पडदा, बादली, जळगावची बाटली. ती हसली नाही. लुगड्याची घडी मोडलीच नाही तिने, मांडीवर ठेवून बसली. मग म्हणाली, "तुम्हनं कसाले करतीन? मन्हंच ऑपरेशन व्हयेल शे. धाकलीना येळले, माहेरमा. मीच सांगं डॉक्टरले. माले दोनच पाहिजे व्हत्यात."

सात वर्षं. सुकदेवला पहिल्यापासून माहीत.

ती उठून भाकरी थापायला लागली. ओट्यावरून माय केव्हाची हाका मारतेय — "काय म्हना रे भाऊ जळगावना डाक्टर? आते व्हई ना आंडोर?" हिला कुणी सांगितलं जळगावच्या तपासणीचं? चुडामण, दुसरं कोण! थापण्याचा आवाज थांबला. प्रमिला तव्याकडेच बघत होती.

मी बाहेर जाऊन मायच्या शेजारी बसलो. म्हटलं, "डाक्टर म्हना, दोष मन्हामाच शे, माय. आते नही व्हनार."