मागे घेतलेली बस

फानेल काका,

सामन्याच्या दिवशी बस मागे घेतली की संघ हरतो, असं आपल्याकडे सगळेच मानतात. पण बुझाऊ शहराच्या वाटेवर आपण रुळांवर अडकलो, आगगाडी शिट्ट्या देत आली आणि तुम्ही बस मागे घेतलीत. म्हणून वाचलो.

संध्याकाळी हरलो, संघ खालच्या विभागात ढकलला गेला. "हा म्हातारा पनवती आहे, हाकला!" प्रशिक्षक ओरडले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी बुटाच्या नाड्या सोडत बसलो.

खरं तर आपल्यावर गोल माझ्यामुळे झाला. करार जाईल म्हणून सुजलेला गुडघा लपवून मी बचावाला उभा होतो.

त्या सकाळी बसच्या पायरीवर लंगडताना तुम्हीच मला हात दिला होतात. तरी तुम्हाला हाकललं तेव्हा माझ्या गुडघ्याबद्दल तुम्ही तोंड उघडलं नाहीत.

आज पुन्हा सामना आहे. गुडघा पुन्हा सुजलाय. खाली बस हॉर्न देतेय, आणि हे पत्र बॅगेतच राहणार.

स्वतःला आता संघाचा कर्णधार म्हणवत नाही.
तुमचा ओविदिउ