लसूण न खाणाऱ्या मुलाचं स्थळ

आर. के. पुरम, दिल्ली
श्रावण, २००९

ती. वैजयंतीताईस कुमुदचा साष्टांग नमस्कार (सरकारी क्वार्टरात साष्टांग घालण्याइतकी जागा नाही, तेव्हा मनातल्या मनात). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची साखर? आम्ही सगळे खुशाल. फोनवर बोलले तर तुझी लेक शेजारच्या खोलीतून ऐकते, म्हणून हे पत्र.

तू मयुराला नोकरीसाठी माझ्याकडे पाठवलंस आणि तिचं लग्न जमवायचं कामही माझ्याच गळ्यात घातलंस. पण ही येईल त्या स्थळाला नाक मुरडते. त्याचं कारण मी शोधून काढलंय. तिच्या उशाशी रक्त पिणाऱ्या देखण्या तरुणांच्या इंग्रजी प्रेमकथा असतात. मावशी म्हणून माझी काही जबाबदारी आहे, तेव्हा ती ऑफिसला गेल्यावर मी एक चाळली (चष्मा लावून, दारं लावून). नायक शंभर वर्षांचा, तरी अजून कॉलेजात. आपला मामेभाऊ सुधन्वासुद्धा इतका रेंगाळला नव्हता. त्याला नायिकेच्या रक्ताची तहान, पण प्रेमापोटी बिचारा दात आवरून बसतो. रात्रभर जागून तिच्याकडे बघतो. (आमचे हे जागतात ते क्रिकेटसाठी.) आणि ताई, अख्ख्या पुस्तकात तो एकदाही ‘आज भाजी काय?’ असं विचारत नाही! शिवाय सासूचा त्रास नाही; ती कधीच म्हातारी होऊन गेलेली. पोरी का वेड्या होतात ते मला चांगलंच कळलं. म्हणजे, मला काळजी वाटली.

अशात तू सुचवलेला अनिश तिला बघायला यायचा होता. गुडगावच्या कंपनीत तो अमेरिकेच्या वेळेनुसार काम करतो आणि दिवसा झोपतो. “मावशी, ऊन उतरल्यावरच येतो, चालेल ना?” हे फोनवर ऐकलं आणि मी ते पुस्तक पुन्हा उघडून बघितलं. दिवेलागणीला आला. गोरा कसला, पांढराफटक! पुस्तकातल्या त्या मंडळींना लसूण सोसत नाही म्हणतात, म्हणून खात्री करून घ्यायला मी कोथिंबीरवडीबरोबर लसणीची चटणी ठेवली. त्याने वाटी हलकेच बाजूला सारली. “सॉरी मावशी, लसूण नाही चालणार.” इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेल्या मयुराने मान वर केली. असा उजेड मी तिच्या तोंडावर पहिल्या पगारालाही पाहिला नव्हता.

पाणी द्यायचं निमित्त करून मी त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. तिथे उलगडा झाला. चातुर्मास! आजीला शब्द दिलाय म्हणून कांदा-लसूण बंद. एरवी स्वारी लसणावर तुटून पडते. मी अक्षरशः हात जोडले. “बाबा रे, बाहेर कारण तेवढं सांगू नकोस.” बाहेर येतो तर मयुराने नेमकं तेच विचारलं. माझ्याकडे बघत तो खालच्या आवाजात म्हणाला, “ते सांगता येणार नाही.” झालं! मयुरा लाजली. ताई, तुझी मयुरा लाजली! दोघं बराच वेळ बाल्कनीत उभी होती, आणि तो गेल्यावर तिने होकार दिला.

गुडघ्याला तेल लावत जा. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी,
कुमुद

ता. क. : खरं काम हे. कार्तिकीला चातुर्मास संपेल आणि जावई लसूण खाऊ लागेल. त्याआधी लग्न उरकायला हवं. चातुर्मासात मुहूर्त नसतात हे मला ठाऊक आहे, पण गुरुजींना म्हणावं, पंचांगात कुठे आडबाजूला एखादा सापडतो का बघा.

ता. क. २ : मुहूर्ताचं राहू दे. मयुरा आत्ताच ऑफिसातून आली. अनिशने बाल्कनीतच तिला सगळं सांगून टाकलं होतं! म्हणाली, “मावशी, इतकी आवडती चटणी नाकासमोर, आणि आजीला दिलेल्या शब्दासाठी त्याने बोटही लावलं नाही. और क्या चाहिए यार?” माझे डोळेच भरून आले गं. तेव्हा तुळशीच्या लग्नानंतरचाच मुहूर्त धर. जमल्यास बराच नंतरचा. लग्न झालं की ती पुस्तकं घेऊन गुडगावला जाणार, आणि माझा चौथा भाग अजून अर्ध्यावर आहे.