एक्कावन्न टक्क्यांचा संशय

फ्रायबुर्ग, शुक्रवार दुपार

ती. हेडविगताईस,

धाकट्या ओटमारचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? अल्फोन्सभावजींचा खोकला खरा आहे, की लाकडं फोडायची वेळ आली की येतो तोच? तुझं पत्र पोचलं. पाकिटाला डिंक दोनदा लावलेला दिसला. तूच लावलास ना? नसशील तर त्या पोस्टमनवर जरा लक्ष ठेव.

मी बरा आहे, म्हणजे शरीराने. मन गेले चार दिवस थाऱ्यावर नाही. संस्थेत सौरघट मोजण्याचं, म्हणजे पडलेल्या उन्हाची किती टक्के वीज होते ते पाहण्याचं काम बावीस वर्षं माझ्याकडे आहे हे तुला ठाऊकच. केटररने मोजला तो आकडा पक्का, असं लोक म्हणतात (निदान माझ्यासमोर तरी). तर पार उत्तरेच्या समुद्रकाठाहून एक शास्त्रज्ञ बाई आमच्याकडे आल्यात, विब्के पेटरसन. पहिल्याच दिवशी दुपारी चार वाजता मला म्हणते, "मॉइन!" ताई, दुपारी चारला सकाळचा नमस्कार! (तिकडे म्हणे दिवसभर हेच चालतं. असेल बापडं.) आणि वर, "ओटमार, तू कॉफी घेतोस का?" तू! शेजारच्या टेबलावरच्या डिशसाहेबांना मी बावीस वर्षं अहो-जाहो करतो, आणि ही कालची पोर थेट अरे-तुरेवर! थोरल्याने आधी म्हणावं, मग धाकट्याने तोंड उघडावं, ही आपली रीत. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. जिला 'तुम्ही'ची मर्यादा कळत नाही, ती निसर्गाची काय पाळणार?

कारण मर्यादा निसर्गालाही आहे. हिचा घट तीन थरांचा. वरचा थर निळा प्रकाश खातो, मधला हिरवा-पिवळा, खालचा तांबडा. तिघे एकाच साखळीत, म्हणून सगळ्यात लेचापेचा थर जेवढा प्रवाह सोडेल तेवढाच पुढे जातो. आग विझवायला गावकरी बादल्यांची रांग लावतात आणि मध्ये भावजी उभे राहतात, तेव्हा होतं तसंच (हे त्यांना वाचून दाखवू नकोस). असे तीन थर देवाने स्वतः बनवले तरी, भिंगाने ऊन न एकवटता, एकोणपन्नास टक्क्यांच्या आसपासच गाडी थांबणार. अनंत थर रचलेस तरी अडुसष्ट-एकोणसत्तरच्या पुढे मजल नाही. (अनंत कोण रचणार ते विचारू नकोस. आमच्याकडे तीन रचेपर्यंत माणसाचा करार संपतो.) विब्केचाही संपत आलाय. तिला ठेवायचं की नारळ द्यायचा, ते डायरेक्टर सोमवारी ठरवणार आहेत.

आणि मंगळवारी मी तिचा घट मोजला, तर एक्कावन्न! बुधवारी पुन्हा एक्कावन्न. लोक अभिनंदन करायला लागले, पण ही हसेना. "ओटमार, हे शक्यच नाही रे. काहीतरी चुकतंय, बघ ना." वा, काय साळसूदपणा! चोराच्या उलट्या बोंबा, म्हटलं मी मनात. उन्हाऐवजी लावतो त्या दिव्याची काच पुसली, घटाच्या कडा झाकणारी पट्टी तपासली, तिच्या डब्यातला खारवलेला मासासुद्धा हुंगून पाहिला. काही सापडलं नाही, म्हणजे बाई चांगलीच पोचलेली. गुरुवारी मला राहवलं नाही. बाईंनी यंत्रात लबाडी केली आहे, असं तक्रारीचं पत्र डायरेक्टरांच्या टपालात गेलं.

आता आजची सकाळ ऐक. साडेदहा वाजले की मी खिडकी सताड उघडतो, दहा मिनिटं, बाहेर बर्फ असो की वादळ. बंद हवेत माणूस कुजतो, हे आपल्याला आईनेच शिकवलंय. पण मोजणीची खोली काळोखी. खिडकी उघडायची तर आधी शटर वर घ्यावं लागतं. बाकीचे घट मी नऊलाच उरकतो, हिचा नंबर मात्र मुद्दाम शेवटी लावला होता (त्या 'मॉइन'बद्दल). म्हणजे रोजच साडेदहाला यंत्र सुरू करायचं, शटर वर करायचं आणि कॉफीला जायचं. आज कॉफी संपली होती, म्हणून आल्या पावली परतलो. बघतो तर काय, घटावर आमच्या दिव्याचं खोटं ऊन, आणि शेजारून खिडकीतलं खरं! एकाच वेळी दोन सूर्य जेवत होता लेकाचा. शटर खाली ओढलं. एकोणचाळीस.

विब्केला सांगितलं तर ती नाचायलाच लागली. "ओटमार, एकोणचाळीस! आणि खरे!" म्हणत तिने मला मिठी मारली (मी हात खिशातच ठेवले). ताई, मी तिच्या माशावर संशय घेतला, पण स्वतःच्या खिडकीवर घेतला नाही. फार लाज वाटली गं.

भावजींना नमस्कार. मांजरीला सांगू नकोस, ती माझ्याकडे रोखून बघते.

तुझा,
ओटमार

ता. क. ते पत्र अजून फुटलेलं नाही. सोमवारी डायरेक्टर येईपर्यंत सेक्रेटरी रोसवीटाबाईंच्या टेबलावर आहे. फुटलं तर पोरीचं काही खरं नाही. मी मागायला गेलो, तर म्हणतात कशा, "पाकिटावर पाठवणारा म्हणून ज्याचं नाव, त्यानेच ओळखपत्र दाखवून परत न्यायचं. नियम आहे, केटररसाहेब." सोमवारी तुमच्याकडून पावणेसातची बस आहे. फोन करत नाही, फोनवर कोण ऐकत असेल सांगता येत नाही.

ता. क. २. निनावी पत्रं आमच्याकडे सरळ रद्दीत जातात, आणि माझं नाव घालणं बरं दिसेना. तेव्हा कुणातरी अब्रूदार, चर्चला जाणाऱ्या बाईचं नाव हवं होतं. ओळखपत्र विसरू नकोस, ताई. सहीसुद्धा अगदी तुझ्यासारखीच जमली आहे.