बाबांच्या चष्म्यातले न्यूट्रॉन

इंग्लंड
१४ सप्टेंबर २००३

तीर्थरूप पार्वतीआत्यास क्षितिजाचा शि. सा. न. वि. वि.

मी इथे नेमकं करते काय, असं तू विचारलंस. ऐक. इमारतीएवढा लेझर, तो एका पातळ पत्र्यावर मारायचा. पत्र्यातून उडालेले कण समोरच्या लिथियमच्या चकतीवर आपटतात आणि तिच्यातून न्यूट्रॉनचा झोत निघतो. उद्या या झोताने बंद लोखंडी पेटीच्या आतलं बघता येईल. मात्र एक शॉट मारला की लेझर थंड होईपर्यंत तासभर बसून राहायचं. बाबांना हे सांगू नकोस. ते म्हणतील, तेवढ्यात भिवंडीच्या लूमवर अख्खं धोतर विणून होतं.

न्यूट्रॉन दिसत नाहीत, म्हणून समोर पारदर्शक प्लॅस्टिकच्या चौकोनी पट्ट्या ठेवतो. चष्म्याच्या काचांचं असतं तेच प्लॅस्टिक. नंतर पट्टी गरम कॉस्टिक सोड्यात ठेवली, की मार बसलेल्या जागी बारीक खड्डे उमटतात. ते मोजायचे. एक न वापरलेली पट्टी आठवण म्हणून धाडते आहे. आईला सांग, हात लावल्यावर आंघोळ करायची गरज नाही.

लोभ असावा, तासाला एका शॉटपेक्षा जरा जास्त.
तुझी क्षितिजा


भिवंडी
२९ सप्टेंबर २००३

चि. क्षितिजास आत्याचे अनेक आशीर्वाद.

रस्ता खणणाऱ्यांनी केबल तोडल्यापासून फोन मुका आहे, म्हणून पत्रच. पट्टी पोचली. तुझं पत्र मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, ही माझी चूक. त्यातलं चष्म्याचं प्लॅस्टिक तेवढं दादाच्या कानात राहिलं. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यापुढे त्याला बिननंबरी काच हवीच होती. पोरीनं विलायतेतून काच धाडली ती काय कपाटात ठेवाला, असं म्हणत तो ती घेऊन नूरुद्दीनभाई चष्मेवाल्यांकडे गेला. केसरीनाथशेठ, ही काच आहे की पोरीने केलेली चेष्टा, असं त्यांनी विचारलं म्हणे. पण गोल कापून बसवून दिली. उरलेले कोपरे त्यांच्या खणात आहेत. ते काहीच टाकत नाहीत.

आता या चष्म्यातून शेजाऱ्याच्या गोदामातला माल दिसतो, असं दादा सांगत फिरतो. शेजाऱ्याने खिडक्यांना ताडपत्री लावली आहे. मी दादाला अडवायला हवं होतं, असं रोजनिशीत लिहिलं आणि खोडलं. खरं सांगायचं तर त्या चष्म्यात तो मला रुबाबदार वाटला.

जेवत जा, आणि आमच्यावर रागावलीस तर तसंही कळव.
तुझी आत्या


इंग्लंड
१० ऑक्टोबर २००३

ती. आत्यास घाईचा नमस्कार.

घात झाला! माझ्याकडची पट्टी सोड्यातून काढली तर कोरी, माझ्या दहावीच्या भूगोलाच्या पेपरासारखी. तुझ्याकडे आली ती माझ्या सर्वांत चांगल्या शॉटची. दोन्ही दिसायला सारख्या, आणि पाकीट भरताना मी गप्पा मारत होते. लेझरवर माझी पाळी पुन्हा पुढच्या वर्षाअखेरीस. तोवर शिष्यवृत्ती संपलेली असेल. ती काच नाही तर प्रबंध नाही. मग मी आहेच बाबांच्या गोदामात पावत्या फाडायला.

बाबांच्या नाकावरून काच उतरव आणि लगेच कुरिअर कर. पुसू नका. आणखी एक. गरम झऱ्यांतून रेडॉन नावाचा वायू निघू शकतो, त्याचेही प्लॅस्टिकवर खड्डे पडतात. बाबा ती लावून वज्रेश्वरीला गेले असतील, तर मला खरं ते कळव.

लोभ वाढवू नकोस, पाकीट आधी पाठव.
क्षितिजा


इंग्लंड
३ नोव्हेंबर २००३

ती. आत्यास साष्टांग, खरोखरचा लोटांगणासकट.

काच पोचली. सोबत चिठ्ठी नव्हती, म्हणजे सगळं ठीक आहे असं धरते. ओरखडे, बाबांच्या अंगठ्याचा ठसा, आणि त्यांच्या मधोमध खड्डेच खड्डे. अपेक्षेच्या चौपट! माझे सर खुर्चीतून उठून नाचले. साठीचा गंभीर माणूस, बघवत नव्हतं. पुढच्या महिन्यातल्या परिषदेत ते हाच आकडा जाहीर करणार आहेत.

बाबांना माझ्या नावाने पेढे दे. लोभ चौपट असावा.
तुझी क्षितिजा


भिवंडी
१५ नोव्हेंबर २००३

चि. क्षितिजास आशीर्वाद.

पेढे आणलेले नाहीत. दादा दर रविवारी ती काच लावून वज्रेश्वरीच्या कुंडात बसत होता, गळ्यापर्यंत, वाफेत. तसं मी चिठ्ठीत लिहिलंही होतं. दादाने ती पाकिटातून काढून घेतली. देवीच्या कुंडात पोरीचं वाईट होईल काय, असं त्याचं म्हणणं. मला दुसरी लिहिता आली असती. लिहिली नाही. खड्डे वाढले तर तुझं भलंच होईल, असा विचार मनात आला होता, आणि तो दादाचा नव्हता, माझाच होता. रसायनाची पदवी घेऊन मी हा विचार केला.

दादा म्हणतो, देवीनं चौपट दिलंय, तू कोण परत करणारी? हे पत्र टाकलं तर तो माझ्याशी बोलणार नाही. टाकते आहे. शिष्यवृत्ती जायची असेल तर ती खऱ्या आकड्याने जावी.

सोबत नूरुद्दीनभाईंच्या खणातले कोपरे. तेही तुझ्याच पट्टीचे, आणि कुंडात गेलेले नाहीत. त्यांच्या दुकानात गरम असतो तो फक्त चहा.

लोभ उरला असेल तर असू दे.
तुझी आत्या


इंग्लंड
२ डिसेंबर २००३

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

कोपरे सोड्यात ठेवले. खड्डे थोडे निघाले, बारीक, पण अपेक्षेइतके, आणि ते न्यूट्रॉनचेच. काचेवरचे मोठाले खड्डे कुंडाचे. म्हणजे चौपट गेलं, प्रबंध राहिला. सरांनी भाषणातला आकडा बदलला आणि ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे तिकडे बाबांनी तुझ्याशी आणि इकडे सरांनी माझ्याशी अबोला धरला होता.

दुसऱ्या दिवशी मात्र ते भिंगातून कुंडाचे खड्डे बघत बसले आणि विचारू लागले, की मिस्टर केसरीनाथ पुन्हा बसतील का? नवी पट्टी धाडते आहे, कोरी, सरांनी स्वतः तपासलेली. नूरुद्दीनभाईंनी ती तशीच गोल कापावी आणि कोपरे तुलनेसाठी त्याच खणात ठेवावेत. बाबांनी कुंडात बसावं. काठावर घड्याळ घेऊन तू बसायचंस. विलायतेच्या साहेबाची तशी अट आहे, असं त्यांना सांग. वेळ विचारायला तरी ते तुझ्याशी बोलतील.

लोभ असावा, आणि बाबांचं नाक पाण्यावर असावं.
तुझी क्षितिजा