रविवारी न थांबणारं घड्याळ

१९ मार्च

चि. बिट्टीस अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी सगळ्यांची हजेरी घेतो. आक्काचा गुडघा कसा आहे? तिला जिना चढू नको म्हटलं की ती मुद्दाम चढते, तेव्हा यापुढे चढच म्हणत जा. दाजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामाला आहे? आणि वह्या तपासून लाल झालेले तुझे डोळे? इकडे तुझ्या मामीची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. माझा पाय प्लास्टरमध्ये आहे. एप्रिल संपेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय आणि मामीने पहारा बसवलाय.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अभ्यासक्रम संपला, महिना उरला, आणि मोठ्या बाईंचा हुकूम की रोज तेच चाळीस प्रश्न नि तीच चाळीस उत्तरं घोकून घ्यायची. मुलं तोंडाने उत्तर देतात आणि डोळ्यांनी खिडकीबाहेर असतात, हे तू लिहिलंस ते वाचून मला माझी चौथी आठवली. तिथेच माझी शाळा सुटली. पुढचं सगळं शिक्षण घड्याळं उघडून झालं, त्यातली पहिली सहा परत बंद झाली नाहीत.

पण त्याच पत्रात शेवटी तू सहज लिहिलंस की वर्गातलं लंबकाचं घड्याळ रोज थांबतं, शिपाईकाका सकाळी ते काढून फुंकर मारतात, परत टांगतात, की दुपारपर्यंत चालतं. अगं वेडे, हाच तर तुझा धडा! घड्याळ दुरुस्त करू नकोस. ते का थांबतं, ते मुलांना शोधू दे. अट एकच, की उघडायचं नाही. नुसतं बघायचं, बघितलेलं लिहायचं, आणि जो काही म्हणेल त्याला कशावरून असं विचारायचं. तुला उत्तर सुचलं तरी पोटात ठेव.

मला उत्तर माहीत आहे. शाळेसमोर दुकान होतं तेव्हा एकोणीस वर्षं ते घड्याळ मीच दुरुस्त केलं. पण तुलाही सांगणार नाही.

तुझ्या कायम होण्याच्या कागदाचं काय झालं, ते कळव. काळजी लागून राहते.

तुझा मामा

२८ मार्च

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

आई जिना चढतेच आहे. बाबांचा खोकला गेला. माझे डोळे बरे आहेत, पण झोप उडाली आहे, आणि तिचं कारण तुमचं घड्याळ.

सोमवारी मी मुलांना विचारलं. पहिल्या दिवशी चाळीस मुलांची चाळीस उत्तरं आली. चावी संपते, म्हातारं झालंय, आत मुंगी आहे. एकाने तर घड्याळालाही वर्गाचा कंटाळा येतो म्हटलं, त्यावर मीच हसले. कशावरून असं विचारल्यावर मात्र सगळा वर्ग वर घड्याळाकडे बघू लागला. मग हळूहळू वह्या निघाल्या. एक मुलगी आहे, तिला सगळे शंकासूर म्हणतात, कारण तिला प्रत्येक उत्तरावर एक प्रश्न सुचतो. ती अजून काहीच बोललेली नाही, फक्त लिहिते आहे. मामा, या वर्गात इतकी शांतता मी दोन वर्षांत पाहिली नव्हती.

नेमक्या त्याच वेळी मोठ्या बाई आल्या. अर्धा वर्ग बाकांवर उभा होता. त्या तशाच परत गेल्या. पण एका पालकाने परीक्षा तोंडावर असताना पोरं घड्याळ बघत बसतात अशी लेखी तक्रार केली होती, ती त्यांनी मला ऑफिसात बोलावून वाचून दाखवली. अठरा एप्रिलला समितीची बैठक आहे. मला कायम करायचं की निरोप द्यायचा, ते तिथे ठरेल.

मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. त्या वाईट नाहीत, मामा, फक्त वीस वर्षं निकाल सांभाळून कडक झाल्यात. त्या म्हणाल्या की मुलांनी स्वतःच्या डोक्याने बरोबर कारण शोधलं, तर समितीपुढे त्या माझी बाजू घेतील. पण बरोबर काय, हे मी ठरवायचं नाही. ज्यांनी ते घड्याळ इतकी वर्षं दुरुस्त केलं, त्यांनी उत्तर बंद लखोट्यात त्यांच्याकडे पाठवावं, तो बैठकीत सर्वांसमोर फुटेल.

तेव्हा लखोटा थेट त्यांच्या नावे शाळेच्या पत्त्यावर पाठवा. मला काही सांगू नका.

आपली बिट्टी

३१ मार्च

चि. बिट्टीस अ. उ. आ.

लखोटा आजच रवाना केला. लाखेचा ठसा मारला, त्यात मामीचा पदर थोडा भाजला, त्यावरून घरात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही.

तू घाबरू नकोस. त्या घड्याळाची नस मला डोळे मिटूनही सापडते. तुझी मुलं नीट बघत असतील तर बरोबर तिथेच पोचतील. नाही पोचली तर दोष त्यांच्या बघण्याचा, माझ्या उत्तराचा नव्हे. हाताच्या काकणाला आरसा कशाला!

मोठ्या बाईंची अट मला आवडली. बाई खमकी दिसते. शंकासुराला माझा खास आशीर्वाद सांग. अशी पोरं घरात डोकं उठवतात आणि दुकानात सोनं असतात.

वेळेवर जेवत जा.

तुझा मामा

८ एप्रिल

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र घाईत लिहिते आहे. माझा शब्द मीच मोडते आहे, रागावू नका.

मुलांना कारण सापडलं. दोन आठवड्यांत घड्याळ अकरा वेळा थांबलं, पण रविवारी एकदाही नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर शिपाईकाका टांगून गेले की सोमवारी ते चालू सापडतं. शंकासुराने हे फळ्यावर मांडलं आणि विचारलं, रविवारी शाळेत काय नसतं? मुलं म्हणाली, आम्ही नसतो. मग आम्ही असं काय करतो? दार आपटतो! दार घड्याळाच्या अगदी शेजारी आहे, मामा, आणि घड्याळ एकाच खिळ्यावर आहे. तिने दोऱ्याला खोडरबर बांधून ओळंबा केला. सकाळी घड्याळाची कड दोऱ्याला समांतर, आणि थांबलं तेव्हा खालून बोटभर सरकलेलं. टिकटिकही लंगडी होते म्हणाली, एक पाऊल लांब, एक आखूड. सरळ केलं की चालतं, दार आपटलं की सरकतं आणि थोड्या वेळात थांबतं. पाच वेळा करून पाहिलं.

मला इतका आनंद झाला होता! तेवढ्यात शिपाईकाका हसून म्हणाले की यात शोधायचं काय, खडूची धूळ आहे, तुमचे मामा दर वर्षी मूठभर काढायचे.

मामा, लखोट्यात धूळ लिहिली आहे का? फक्त हो की नाही कळवा. हो असेल तर अजून दहा दिवस आहेत. मी धुळीबद्दल दोन प्रश्न विचारीन, लहान मुलं आहेत, वळतील. हे लिहिताना लाज वाटते. पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, बाबांची निवृत्ती, सगळं माझ्या या नोकरीवर आहे.

उलट टपाली लिहा.

बिट्टी

१३ एप्रिल

चि. बिट्टीस आशीर्वाद.

हो. धूळच लिहिली आहे. 'खडूची धूळ तेलात बसते, चाकं जड होतात' असं ठणकावून, खाली दोन रेघा मारून.

तुझं पत्र शनिवारी हाती आलं. पहिल्यांदा मला तुझ्या शंकासुराचाच राग आला, खोटं कशाला बोलू. एकोणीस वर्षांचा कारागीर मी, आणि ही खोडरबरवाली! मग मामीने विचारलं, की रागावलाय तो पोरीवर, का तिचं बरोबर असेल म्हणून? या बाईला शाळेत घालायला हवं होतं.

घरात दोन जुनी लंबकाची घड्याळं आहेत. दोन्ही खाटेसमोर टांगायला लावली. एकाच्या यंत्रात दोन चमचे खडूची पूड टाकली. दुसरं तेल घालून लख्ख केलं आणि बोटभर वाकडं केलं. पुडीचं घड्याळ आज तिसऱ्या दिवशीही टिकटिकतंय. वर्षानुवर्षांनी झिजेल म्हणा, पण थांबलं नाही. लख्ख घड्याळ मामीचा चहा उकळायच्या आत थांबलं.

वाकडं घड्याळ चालत नाही, हे मला ठाऊक नव्हतं का? पहिल्या महिन्यात शिकलो होतो. पण ते थांबलेलं घड्याळ भिंतीवर कसं दिसायचं, हे मी एकदाही पाहिलं नाही! शिपाई काढून दुकानात आणायचा. उघडलं की धूळ दिसायची. ती झाडायची, तेल सोडायचं, आणि मग स्वतः जाऊन टांगायचं. टांगताना कान आपोआप टिकटिक जुळवायचा. काम केलं कानाने, शाबासकी दिली तेलाच्या बुधलीला. तेव्हा खिळा घट्ट होता, सरकायला वर्ष लागायचं; वर्षभराने पुन्हा तेच. चोर सोडून संन्याशाला फाशी. 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण मी जन्मभर गिऱ्हाइकांना ऐकवली. इथे नाचणारं बिचारं चांगलं होतं, अंगणच वाकडं निघालं.

आता तुझं. मुलांना वळवू नकोस, असं मी खाटेवर पडून सांगणं सोपं आहे. नोकरी तुझी, घर तुझ्यावर, तेव्हा निर्णय तुझा, आणि काहीही केलंस तरी माझ्या लेखी तू तीच राहशील. एवढंच म्हणतो, वळवलीस तर ती वळतील खरी, पण पुन्हा बाकावर चढणार नाहीत.

चूक माझी, ती मीच निस्तरतो. मोठ्या बाईंना पत्र लिहायला बसलो, चार कागद फाडले. माझं चुकलं हे दोन शब्द लिहायला इतका कागद लागतो हे माहीत नव्हतं. तुझं आज टपालात टाकतो, त्यांचं उद्या जाईल. अठरापर्यंत पोचेल की नाही, सांगवत नाही. पाय धड असता तर स्वतः आलो असतो.

तुझा चुकलेला मामा

२१ एप्रिल

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं मला आलेलं पत्र शुक्रवारी मिळालं. ते ट्रंकेत ठेवलं आणि मुलांना काहीही सांगितलं नाही. धीट होते म्हणून नव्हे. काय सांगावं ते रात्र उलटली तरी ठरेना, आणि सकाळी मुलं ओळंब्याचा दोरा नवा करून आली होती.

बैठक वर्गातच झाली. समितीचे पाचजण लहान बाकांवर अवघडून बसले होते, त्यात तक्रार करणारे पालकही. शंकासुराने सगळं सांगितलं. मग मोठ्या बाईंनी लाख फोडली आणि वाचलं. धूळ. ते पालक म्हणाले की झालं, महिना वाया गेला. मी खाली बघत होते. मामा, लखोटा चुकलाय हे मला माहीत होतं, पण बोलायचं कसं? मी सांगितलं असतं तर ती मामाच्या भाचीची सारवासारव झाली असती.

तेवढ्यात शंकासूर उभी राहिली. विचारलं नव्हतं तरी बोलली. तिने मोठ्या बाईंना विचारलं की मग धुळीला रविवारी सुट्टी असते का.

मोठ्या बाई उठल्या. घड्याळ चालू होतं, ते त्यांनी नीट पाहिलं. दाराशी गेल्या, आणि वर्षभर दार आपटू नका म्हणून ओरडणाऱ्या त्या बाईंनी दार धाडकन आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. घड्याळ सरकलेलं सगळ्यांना दिसलं. टिकटिक लंगडू लागली. मग आम्ही सगळे, समितीसकट, गप्प बसून ऐकत राहिलो. चार मिनिटं गेली असतील. इतकी लांब चार मिनिटं मी जन्मात बघितली नाहीत. मग ते थांबलं.

तुमचं मोठ्या बाईंना लिहिलेलं पत्र त्याच दुपारी आलं. मोठ्या बाईंनी ते काल माझ्या हाती दिलं आणि वर्गात वाचून दाखव म्हणाल्या. तुम्ही पूड टाकून पाहिली हे ऐकून मुलं खूश झाली. एकाने विचारलं की इतके मोठे असून तुम्ही चुकलं हे लिहून कसं दिलंत. मी म्हटलं, चार कागद फाडून.

मला कायम केलेलं नाही. आणखी एक वर्ष तात्पुरतं, मग पुन्हा बैठक. आईसमोर हसले, न्हाणीघरात रडले. पण मोठ्या बाईंनी हाच वर्ग पुढच्या वर्षी मलाच दिलाय. चाळीस प्रश्नांची वहीही मागून नेली आहे. त्यातली कुठली उत्तरं कोणी कधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीत, त्यावर खुणा करायच्या म्हणाल्या.

शिपाईकाकांनी घड्याळाला खालून दोन खिळे मारले. आता थांबत नाही. पण शंकासुराचं म्हणणं, थंडीत ते बरोबर होतं आणि ऊन वाढल्यापासून रोज थोडं मागे पडतं. का, ते तिने तुम्हाला विचारलं आहे.

आपली बिट्टी

२५ एप्रिल

चि. बिट्टीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मामीने मोठ्याने वाचलं. दार आपटलं तिथे तिने टेबलावर हात आपटला आणि कप फुटला. एक वर्ष तात्पुरतं, हे मी तिला दोनदा वाचायला लावलं. त्या लखोट्यातल्या दोन रेघा माझ्या होत्या, बाई. बरोबर उत्तर लिहिलं असतं तर कदाचित आज तुझ्या हाती कागद असता. ते ओझं माझं, ते मला हसण्यावारी नेऊ देऊ नकोस. आक्काच्या ऑपरेशनचं मी आणि दाजी बघून घेऊ, त्यात तू पडायचं नाही.

शंकासुराला सांग, उत्तर माझ्याकडे आहे. उन्हाने तेल पातळ होतं, असं मी आजवर सांगत आलो. पण सध्या माझ्या पोटातल्या उत्तरांवर माझाच भरवसा नाही. तेव्हा असं करू. सुट्टीभर तिने घरी एक घड्याळ बघावं, मी इथे बघतो. रोजचं ऊन लिहायचं, रोजचं मागे पडणं लिहायचं. मी तेल बदलून पाहीन, तिने लंबकाकडे बघावं. तिकडे बघ असं का म्हणतो, ते मलाही नीट माहीत नाही. शाळा उघडताना ज्याचं चुकेल त्याने आधी पत्र टाकायचं.

या वेळी लखोटा नाही.

प्लास्टर गुरुवारी निघतंय. ते निघेपर्यंत खाटेवर एकच काम, तुझ्या पत्राची वाट. दोन ओळी का होईना, पण लवकर लिही, आणि तिला तिची पहिली नोंद खाली लिहायला लाव.

तुझा मामा